हमामात त्याला कुणी सोडलं?

नलूमावशीचा कुणावरही विश्वास नव्हता. ही तक्रार नाही हं. कुणाची उंची सांगावी, गाव सांगावं, तसं सांगतेय. दुधाचा खोका फोडला की आधी वास. "चार महिने टिकतं म्हणे. कशावरून?" फोनवरचं हवामान दुपारी ऊन दाखवायचं, ही दोरीवरचे कपडे आत आणायची. बाळाला तपासायला घरी येणारी सुईण म्हणाली, वजन छान वाढतंय, तर मावशी मला म्हणते, "काटा बरोबर आहे कशावरून? विचार तिला." मी विचारलं नाही. तर तिने स्वतःच स्वयंपाकघरातून साखरेचा एक किलोचा पुडा आणून त्या काट्यावर ठेवला. काटा बरोबर निघाला. मावशी म्हणाली, "आज बरोबर आहे."

मावशी म्हणजे माझ्या मैत्रिणीची, मुक्ताची आई. मुक्ता आणि मी पुण्याला एका वर्गात होतो, आणि पुढे नशिबाने म्युनिकच्या शेजारी उंटरश्लाइसहाइमला एकाच कंपनीत चिकटलो. माझं घर तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मुक्ताचं बाळंतपण करायला मावशी मिरजेहून आली, ती सामानात शेपा, ओवा, वावडिंग, डिंक, आणि तिळाच्या तेलाचा डबा घेऊन. मुक्ताच्या नवऱ्याला, निलेशला, ती 'निलेशराव' म्हणायची आणि तो जागेवरून उठायचा. उठायचाच. कारण मावशी उभं आयुष्य रेल्वेत टीसी होती. मिरज-कोल्हापूर, मिरज-पंढरपूर, पुढे पार पुण्यापर्यंत. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच बोलणं सुरू करायचं, ही तिची नोकरी होती, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय काही ऑफिसात परत करून येता येत नाही.

इथल्या स्टेशनांना फाटक नाही, तिकीट बघायला कुणी नाही, हे बघून तिचा पहिल्याच दिवशी जीव वरखाली झाला. "म्हणजे कुणीही चढावं?" मी म्हटलं, मावशी, इथे लोक प्रामाणिक असतात. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच तिकीट बुडवलंय. पुढच्याच आठवड्यात आम्ही म्युनिकला निघालो होतो. डब्यात साध्या कपड्यातले दोघे चढले, एकाच्या हातात कॉफीचा कप. मावशी कानाशी लागून म्हणाली, "ड्यूटीवर आहेत." मी म्हटलं, कशावरून? मला तिच्यावर तो शब्द उलटवायची भारी हौस होती. ती म्हणाली, "बसायला जागा आहे, तरी उभे. आणि कप रिकामा आहे, बघ की." गाडी सुटली, दोघांनी खिशातून ओळखपत्रं काढली, तिकिटं मागायला लागले. आमच्यापाशी आल्यावर मावशीने तिकीट दिलंच नाही. आधी त्याचं ओळखपत्र हातात घेतलं, उलटं करून बघितलं, फोटो त्याच्या तोंडाशी ताडून पाहिला, आणि मग तिकीट पुढे केलं. तो बिचारा 'डांके', म्हणजे थँक यू, म्हणाला. अख्खा डबा आमच्याकडे बघत होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालेलं.

आता घराचं सांगते, कारण सगळं पुढे घरापाशीच आलं. म्युनिकच्या आसपास घर मिळणं म्हणजे काय, ते शोधणाऱ्यालाच माहीत. निलेश आणि मुक्ता वर्षभर फिरले होते. परदेशी नाव ऐकलं की घर 'कालच गेलेलं' असायचं. शेवटी हे मिळालं. तीन मजली टुमदार घर, खाली मालक, मधल्या मजल्यावर हे दोघं, वर एक कुणीतरी कायम प्रवासात असलेला पायलट. मालक दातांचे निवृत्त डॉक्टर, सगळी गल्ली त्यांना 'हेर डोक्टोर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायची. बायको वारलेली, मुलगा हाम्बुर्गला. वागायला लोण्यासारखे मऊ. भाडं बाजारापेक्षा कमी. मुक्ताला दिवस गेले तेव्हा स्वतः जिन्यात जास्तीचा कठडा बसवून घेतला. इतकं चांगलं कुणी कशाला वागेल, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. मावशीला पडला.

हेर डोक्टोर हौसेने चित्रं काढायचे. आणि त्यांच्या खालच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, एक भलंमोठं जुनं चित्र होतं. सोनेरी चौकट, आजोबांनी पॅरिसहून आणलेलं. मावशी आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना केक खायला बोलावलं आणि अभिमानाने त्या चित्रासमोरच बसवलं. तुर्कस्तानातला हमाम. निळ्या फरश्या, वाफ, संगमरवरी हौद, आणि हौदाच्या काठाने पंधरावीस बायका. कुणाच्या अंगावर चिंधी नाही. कुणी लोळतेय, कुणी आळस देतेय, एक जण डाळिंब खातेय, एक काळी दासी तबक घेऊन उभी. निलेश केककडे बघत होता. मुक्ता पोटाकडे. तिचे दिवस भरत आले होते.

मावशी मात्र त्या चित्राकडे बघत राहिली. बशी मांडीवर ठेवून, चष्मा वर करून, अगदी बारकाईने. हेर डोक्टोर खूश झाले. मला म्हणाले, विचार, त्यांना कसं वाटलं?

"कुणाचेच केस ओले नाहीत," मावशी म्हणाली.

मी जमेल तेवढं भाषांतर केलं. ते हसले.

"अंग कोण चोळतंय? एक तरी बाई दुसरीची पाठ चोळताना दाखव. पोर रडतंय का कुठं? म्हातारी आहे का एखादी? एकीच्या तरी पोटाला बाळंतपणाची खूण आहे का? इतक्या बायका, आणि एकही बोलत नाही." मग ती पुढे वाकली. "बायकांची न्हाणी ना ही? मग चित्र काढणारा बाप्या होता की बाई?"

बाप्या होता, मी म्हटलं.

"मग त्याला आत कुणी सोडलं?"

मी ते विचारलं. हेर डोक्टोरांनी मोकळेपणाने सांगितलं, की कुणीच सोडलं नव्हतं. पुरुषाला तिथे मज्जाव. चित्रकाराने प्रवासवर्णनं वाचली, पॅरिसमध्ये पगारी मॉडेल बसवल्या, बाकी फांटाझी. कल्पना. हीच तर कलेची गंमत, म्हणाले.

मावशीने केकचा तुकडा तोंडात टाकला. "विनातिकीट," ती म्हणाली. एवढं भाषांतर मी टाळलं.

जिना चढताना निलेश कुरकुरला, "आई, जुनं चित्र आहे हो. म्युझियममध्ये असतात असली." मावशी म्हणाली, "म्युझियममध्ये असू देत. ह्यांनी आपल्याला त्याच्याच समोर का बसवलं? खिडकीपाशी टेबल होतं की." निलेशने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मीही फिरवले. म्हातारी काहीही संशय घेते, हे आमचं ठरलेलं होतं.

मुलगी झाली. आठवड्याने मुक्ता घरी आली आणि मावशीचं राज्य सुरू झालं. रोज दहा वाजता बाळंतिणीचं न्हाणं. आधी कोमट तेलाने रगडून मालिश, मग कढत पाणी पाठीवर तांब्यातांब्याने, मग चादरीत गुंडाळून धुरी. शेगडी कुठून आणणार? मावशीने एका जाड बुडाच्या पातेल्यात कोळसे घातले, त्यावर ओवा न् शेपा. तिसऱ्याच दिवशी छतावरचा नवाकोरा धुराचा अलार्म ठणाणा करायला लागला. निलेश ऑफिसात. मी डिंकाचे लाडू वळत होते. मी खुर्ची शोधतेय, बाळ किंचाळतंय, आणि तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं.

बेल नाही, टकटक नाही. किल्लीने उघडलं. हेर डोक्टोर, हातात आग विझवायचं लाल नळकांडं.

धूर, वाफ, न्हाणीचं दार उघडं, आत चादरीत गुंडाळलेली मुक्ता, तिचे कंबरेपर्यंत ओले केस. हेर डोक्टोर आग कुठे आहे ते बघायला आले होते, ते मान्य. पण आग नाही हे कळल्यावरही ते तिथेच उभे होते. मावशी पदर खोचलेला, तशीच आडवी आली आणि दार लावलं. बंद दाराकडे बघून ते मला हळूच म्हणाले, "अगदी माझ्या चित्रासारखं!" त्यांचे डोळे भरून आलेले. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. ते भले वाटले, आणि शिसारीही आली.

"ह्यांच्याकडे किल्ली आहे?" मावशीने संध्याकाळी निलेशला विचारलं. इथल्या कायद्यात भाडेकरूला न विचारता मालकाने किल्ली ठेवायची नसते. निलेशला ते माहीत होतं. "आग लागली असती तर?" तो म्हणाला. "आणि प्लीज आई, विषय वाढवू नका. हे घर गेलं तर आम्ही एवढ्याशा पोरीला घेऊन कुठे जाऊ?" ते खोटं नव्हतं. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

दोन दिवसांनी जिन्यात हेर डोक्टोरांनी निलेशला गाठलं. त्यांना ते न्हाणं बघायचं होतं. कोपऱ्यात बसून रेखाटायचं होतं. खरीखुरी पूर्वेकडची प्रथा, आपल्याच घरात, आजोबांच्या चित्रकारालाही जे मिळालं नाही ते! अगदी आदराने विचारलं म्हणे. आणि निलेश काय म्हणाला? "या, या, गेर्ने." म्हणजे हो हो, आनंदाने.

आता हे आपल्याला समजतं. घरमालकाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपण 'हो हो, बघू ना' म्हणतो. समोरच्यालाही कळतं की हे नाही आहे, तोही परत विचारत नाही, दोघांचीही अब्रू राहते. पण जर्मन माणसाला गेर्ने म्हणजे गेर्ने. त्यांनी तिथल्या तिथे खिशातून डायरी काढली. शनिवार, दहा वाजता. टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पक्का.

निलेशने ते शुक्रवारी रात्रीपर्यंत पोटात ठेवलं. सांगितलं तेव्हा मुक्ता आधी हसली. मग तिला कळलं की तो थट्टा करत नाहीये.

"तू हो म्हणालास? माझ्या अंघोळीला?"

"अगं, मी बघू अशा अर्थाने म्हणालो. मला वाटलं विसरतील."

"जर्मन माणूस टेर्मिन विसरेल?" ती ओरडली. मग ती रडायला लागली, टाके दुखताहेत म्हणून हुंदकाही नीट देता येईना. म्हणाली, "घर गेलं तर जाऊ दे. पण मी त्या चित्रातली बाई होणार नाही." निलेश डोकं धरून बसला. मला त्याचा इतका राग आला होता की चपलेने मारावं.

मावशी बाळाचा लंगोट बदलत होती. शांतपणे म्हणाली, "येऊ देत त्यांना. वृंदा, तू साडेनऊला ये. भाषांतराला लागशील."

शनिवारी दहाला बेल वाजली. या खेपेला बेल. हेर डोक्टोर इस्त्रीच्या शर्टात, एका हातात मुक्तासाठी फुलं, काखेत चित्रांचा पॅड आणि घडीची खुर्ची. मुक्ता आतल्या खोलीत दार लावून बसलेली. मावशीने त्यांना न्हाणीपाशी नेलं. आत प्लॅस्टिकचा बसका स्टूल, कढत पाण्याची बादली, वाटीत तेल.

"ह्यांना सांग," ती मला म्हणाली, "आमच्यात न्हाणीत बघे नसतात. न्हाणारा असतो आणि न्हाऊ घालणारा असतो. ह्यांना प्रथा बघायचीय ना? बसा म्हणावं. शर्ट काढा."

मला वाटलं, ते आता रागावणार. पण ते खळखळून हसले. 'जा, नातुर्लिश!' म्हणाले, का नाही! शर्ट काढला, बनियनवर स्टूलवर बसले, गुडघे छातीशी आले. मावशीने ओंजळभर तेल त्यांच्या टकलावर ओतलं आणि चोळायला लागली. चांगलं चोळत होती, खोटं नाही. आईने चोळावं तसं. म्हाताऱ्याने डोळे मिटले. तेल कानामागून मानेवर ओघळलं, बनियन चिकटलं, तिने ते वर सारलं. पांढरीफटक पाठ, त्यावर कसल्याशा ऑपरेशनचा लांबलचक व्रण.

आणि मग तिने हाक मारली. "मुक्ता, ये गं. निलेशराव, तुम्हीपण या. तो पॅड घ्या, चित्र काढा."

मुक्ता बाळाला घेऊन दारात आली. निलेश पॅड घेऊन मागे. मी होतेच. आम्ही तिघं उंबऱ्यात उभे, आणि आत तो उघडा म्हातारा. निलेशने खरंच पॅडमधली कोळशाची कांडी उचलली. सासूने सांगितलं म्हणून उचलली. हेर डोक्टोरांनी डोळे उघडले. आधी त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांचे दोन्ही हात छातीवर आले. मान खाली गेली. तेल लागलेले कान लालभडक झाले होते. "बिटं," ते पुटपुटले, म्हणजे प्लीज. "दार."

"काय म्हणतात?"

"दार लावा म्हणतात, मावशी."

"होय ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. तिने टॉवेल त्यांच्या खांद्यांवर टाकला, तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला, बाहेर आली आणि दार लावलं. "पाणी चांगलं कढत आहे. सांग, सावकाश होऊ द्या."

आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मला त्यांची दया आली, अगदी मनापासून आली. ते बाहेर आले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. 'समजलं' एवढंच म्हणाले, पॅड घेतला, आणि गेले. फुलं तिथेच राहिली. निलेश म्हणाला, "गेलं घर."

घर गेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी हेर डोक्टोर वर आले आणि जवळची किल्ली मुक्ताच्या हातात ठेवून गेले. निलेशला रडू यायचं बाकी होतं. "बघा आई, किती भला माणूस आहे." मावशी भाकरी थापत होती. "दुसरी केली नसेल कशावरून?" तो ताटावरून उठून गेला. मलाही वाटलं, आता पुरे. कुणाला कधी तरी माफ करशील की नाही? तिने दाराला आतून साखळी बसवली, स्क्रू ड्रायव्हर स्वतः चालवून, आणि राहिलेले दिवस रोज दहाला ती लावत गेली.

तिची परत जायची वेळ आली. मलाही चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं, म्हणून तिकीट एकाच विमानाचं काढलं. निघताना सगळ्यांचा निरोप घ्यायचा म्हणून आम्ही खाली गेलो. मावशी, मुक्ता, निलेश, मी, बाळ. हेर डोक्टोर वाटच बघत होते. जुन्या चित्राखाली टेबलावर एक नवं चित्र भिंतीला टेकून ठेवलेलं, उशीएवढं. 'मुक्तासाठी,' ते म्हणाले. 'माफी म्हणून. मी बघितलं नाही. सगळं फांटाझी.'

वाफ, कोळशाचं पातेलं, हातात तांब्या घेतलेली पाठमोरी बाई. आणि मधोमध मुक्ता. चादरीशिवाय. तोंड तिचंच होतं, हनुवटीखालच्या तिळासकट. केस मात्र ओले होते. नीट, कष्टाने, एकेक थेंब रंगवून ओले केले होते, आणि माझ्या अंगावर काटा आला तो ते केस बघून.

'शोन,' निलेश म्हणाला. सुंदर. सवयीने म्हणाला असेल. मुक्ता बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिली, बांधलेलीच नाडी पुन्हा पुन्हा. हेर डोक्टोर तिच्याकडे आशेने बघत होते. तो माणूस वाईट होता का? मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याने काहीतरी दिलंय.

"दिलंय म्हणाले ना?" मावशीने विचारलं. "परत मागणार नाहीत? बरं. ह्याच्याआधी कच्ची काढली असतील, तीही द्या म्हणावं."

नाहीत, ते म्हणाले.

"कशावरून?"

हा शब्द मी या वेळी आवडीने भाषांतरित केला. मग कपाटाचा खण उघडून त्यांनी काही कागद काढले आणि तिच्या हातात दिले, तिच्याकडे न बघता. मावशीने ते चित्रावर ठेवले, स्वतःच्या अंगावरची शाल काढली, आणि सगळं तिच्यात गुंडाळून काखेत घेतलं. मग त्यांना वाकून नमस्कार केला. वयाने मोठे होते ते तिच्याहून.

विमानतळापर्यंत ते गाठोडं तिने कुणाला धरायला दिलं नाही. मुक्ताने तपासणीच्या रांगेपाशी तिला मिठी मारली तेव्हाही ते दोघींच्या मध्ये होतं. "त्याचं काय करणार गं आई?" मुक्ताने विचारलं. "बघते," मावशी म्हणाली.

तपासणीत सगळं सामान पट्ट्यावरून गेलं, गाठोडंही गेलं. पलीकडे बसलेल्या पोऱ्याला पडद्यावर खिळे की चौकट, काहीतरी दिसलं. दुसरा एक उंच, दाढीवाला माणूस ते उचलून बाजूच्या टेबलावर घेऊन आला आणि शालीची गाठ सोडायला लागला. मावशीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी धावले. विमानतळावर हे करत नाहीत मावशी, आत टाकतील.

"बाई बोलाव म्हणावं. बाईच उघडेल."

तो म्हणाला, अंगझडती नाहीये, सामान आहे. नुसतं चित्र आहे ना? मग बाई कशाला?

मी मावशीला सांगितलं. तिने हात काढला नाही.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आत बाई न्हातेय."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग शालीकडे, मग त्या सुती साडीतल्या म्हातारीकडे. मागे रांग चुळबुळत होती. त्याने गाठीवरून बोटं काढली आणि वळून सहकारी बाईला हाक मारली. तरुण होती, निळे हातमोजे घातलेली. तिने गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि मावशीला घेऊन कोपऱ्यातल्या पडद्याच्या खोलीत गेली. तिने पडदा ओढला. थोडी फट राहिली होती. आतून मावशीचा हात आला आणि त्याने ती बंद केली.